निळ्या रेषेवरची माणसं

१

ऑकलंडला परत आल्यावर माझा दिवस एका ठरलेल्या फेरीने सुरू व्हायचा. डोक्यावर टोपी, पाठीवर पिशवी, आणि दोनपैकी एका मार्गावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जाणं. रेल्वेचा मार्ग ऑफिसातल्या पडद्यावर ठरवू नये, पायांनी ठरवावा, हे मी झुरिकमध्ये शिकून आले होते आणि त्यावर माझी श्रद्धा होती. ऑफिसात हसायचे. "तालिता निघाली तीर्थयात्रेला," असं आमचा प्रकल्पप्रमुख डंकन म्हणायचा.

हसू देत. दक्षिण ऑकलंडमधली माझी माणसं हे शहर झाडतात, पुसतात, त्याचं सामान चढवतात-उतरवतात, आणि त्यासाठी पहाटे अंधारात दोन-दोन बस बदलतात. त्यांच्या दाराशी रेल्वे आणायची, एवढ्यासाठी मी परत आले होते.

नकाशावर दोन रेषा होत्या. लाल रेषा टॅनरी रोडवरून जायची. तिथे दुकानं होती, शाळा होती, दवाखाना होता, आमच्या सामोअन चर्चचा हॉल होता. ती घेतली तर रस्ता रुंद करावा लागणार, एका बाजूची घरं आणि तो हॉल पाडावा लागणार. निळी रेषा मागच्या बाजूने, कराका स्ट्रीटच्या परसांना लागून असलेल्या गवताच्या पट्ट्यातून जायची. पट्टा सरकारी, लांबलचक आणि रिकामा. एक वीटही हलवायला नको. ज्या दिवशी ती रेषा नकाशावर पहिल्यांदा ओढली गेली, त्या दिवशी ऑफिसात टाळ्या वाजल्या होत्या म्हणे. मी रुजू झाले तेव्हा या गोष्टीला काही महिनेच झाले होते.

मी उतरले होते तीही कराका स्ट्रीटवरच, माझ्या वडिलांच्या थोरल्या बहिणीकडे. आंटी फिलेमू. आमच्यात वडिलांच्या बहिणीचा शब्द कुणी मोडत नाही, आणि आंटीच्या शब्दांना तर खंडच नसतो. शहरातल्या उंच इमारतींची साफसफाई करून ती सकाळी परत यायची, सुजलेले गुडघे खुर्चीवर पसरायची, आणि माझ्यासमोर कोकोचा पेला ठेवून बोलायला लागायची.

त्या सकाळीही बोलत होती.

"तो नवा गोरा पालांगी साहेब काल मला विचारतो, फिलेमू, ह्या मजल्यावरच्या काचा तू आतून..."

आणि ती थांबली.

ठसका लागला नव्हता, आठवत नव्हतं असंही नाही. तिने पेला टेबलाच्या कडेपासून आत ओढला, त्यावर तळहात ठेवला, आणि ओट्यामागच्या भिंतीकडे बघत शांत बसून राहिली. दारावरून एखादं मोठं धूड खडखडत जात असलं की आपण बोलणं अर्धवट सोडून बसतो ना, तशी. पण बाहेर काहीच जात नव्हतं.

मग तिने हात उचलला.

"...पुसल्यास की बाहेरून? अरे बाबा, म्हटलं, सव्विसाव्या मजल्यावर बाहेरून पुसायला मी काय कबूतर आहे?"

आणि खदखदून हसली. मीही हसले. कारण मला वाटलं होतं, हे मला ठाऊक आहे.

बेटांवरच्या आमच्या सामोअन गावांमध्ये संध्याकाळी 'सा' असते. शंख वाजला की सगळं गाव जागच्या जागी थांबतं. रस्त्यावरचा माणूस रस्त्यावर बसतो, घरातला घरात, आणि प्रार्थना आटोपून पुन्हा शंख वाजेपर्यंत कुणी हलत नाही. आंटी तरुणपणापर्यंत तिकडेच वाढली. शरीराला लागलेली सवय, दुसरं काय?

सा संध्याकाळी असते, आणि आत्ता खिडकीतून सकाळचं ऊन येत होतं, हे मला दिसत होतं. पण मी ते फार मनावर घेतलं नाही.

२

कराका स्ट्रीटवर सगळेच काही आमचे नाहीत. आंटीच्या शेजारी केल्विन राहतो. जन्मभर बसगाड्या दुरुस्त करून निवृत्त झालेला, उन्हाने तांबडा झालेला पालांगी म्हातारा. पट्ट्याच्या पलीकडे त्याने टोमॅटो लावले होते आणि ते मला दाखवायची त्याला भारी हौस.

आम्ही त्याच्या परसातून पट्ट्यावर आलो. तो टोमॅटोंना लागणाऱ्या किडीबद्दल सांगत होता. मी पुढे होते, पाऊल टाकणार, तोच पिशवीच्या पट्ट्याला असा हिसका बसला की मी मागे कोलमडलेच.

केल्विनने मला धरलं होतं. तो माझ्याकडे बघत नव्हता. मान उजवीकडे, विमानतळाच्या दिशेने वळलेली. मग ती हळूहळू डावीकडे वळत गेली. पिशवी सुटली.

"...आणि ती कीड एकदा का पानाच्या मागे गेली," तो पट्टा ओलांडत म्हणाला, "की संपलंच बघ."

"केल्विन, तुम्ही मला ओढलंत का?"

"मी? तुला?" तो दचकला. मग डोळे मिचकावून त्याने मागे बोट दाखवलं. "हळू बोल पोरी. माझी बायको तिकडे कपडे वाळत घालतेय, आणि तिचे कान अजून शाबूत आहेत."

त्याला खरंच ठाऊक नव्हतं. थट्टा करणाऱ्याचा चेहरा मला कळतो.

मी खाली बघितलं. माणसं कुठून चालतात हे जमीन सांगते, ते वाचणं हेच माझं शिक्षण. जिथून लोक जातात तिथे गवतात रेघ पडते. जिथे उभे राहतात तिथे टक्कल पडतं. पट्टा ओलांडणारी पायवाट होती, आणि तिच्या दोन्ही टोकांना मातीचा एकेक उघडा, घट्ट तुडवलेला गोल होता. रेल्वेच्या फाटकापाशी असतात अगदी तसे. लोक येतात, थांबतात, मग जातात.

"हे कधीपासून आहेत?"

"पहिल्यापासून. तिथे कधी गवत उगवलंच नाही."

ऑफिसात जाऊन मी आधीच्या उन्हाळ्यातलं विमानातून काढलेलं छायाचित्र उघडलं. पट्टा अखंड हिरवा होता. ना वाट, ना गोल. या पट्ट्यावरून कधीही रेल्वे, ट्राम किंवा साधा गाडीरस्तादेखील गेलेला नाही, याचीही मी पुन्हा एकदा खात्री करून घेतली.

सावलीमुळे दिसत नसेल, असं मी स्वतःला सांगितलं. छायाचित्रात सावली नव्हती.

३

रेल्वे येण्याआधी त्या जागी मुळात आवाज किती आहे हे मोजून ठेवावं लागतं. त्यासाठी हातात मावेल असं एक यंत्र असतं. मी ते घेऊन आंटीच्या परसात उभी राहिले. भर दुपार होती. कुठेतरी गवत कापायचं यंत्र चालू होतं, साळुंक्या भांडत होत्या, आणि डोक्यावरून विमान उतरायला येत होतं. आंटी चादरी वाळत घालत होती.

"तुझ्या त्या डबीला विचार, माझा आवाज केवढा आहे."

"विमानापेक्षा मोठा."

"अगं, मग तिकडे आल्प्सच्या डोंगरात मला नेलं असतंस, तर त्या लोकांच्या गायीसुद्धा..."

ती थांबली. तिच्या हातातली चादर अर्धी दोरीवर, अर्धी खांद्यावर. पलीकडे केल्विनची बायको टोपलीवर वाकलेली होती, ती तशीच राहिली.

यंत्रावरचे आकडे उतरायला लागले. साळुंक्या गेल्या. गवत कापायचं यंत्र गेलं. आकडे घरातल्या शांततेइतके झाले, मग बंद कपाटाइतके, मग त्याहूनही खाली. मी वर बघितलं. विमान घरांवरून सरकत होतं, चाकं बाहेर काढलेली, एवढं जवळ की खिडक्या दिसाव्यात. त्याला आवाज नव्हता. माझा श्वास मला ऐकू येत नव्हता. पायाखाली मात्र काहीतरी होतं, तळव्यांतून गुडघ्यांत चढणारी बारीक थरथर. आणि ती उजवीकडून डावीकडे सरकत होती.

मग विमानाचा आवाज डोक्यात आदळला.

"...वाट सोडून पळाल्या असत्या!" आंटी म्हणाली आणि चादर झटकली.

मी दुसरं यंत्र मागवलं. त्यानेही तेच दाखवलं. कानांची तपासणी करून घेतली, कान उत्तम होते. शेवटी मी मोबाइलवर आंटीचं बोलणं चित्रित केलं. नेमकी ती एकदा थांबली. लगेच मी तिला ते दाखवलं.

तिने चष्मा लावून स्वतःला थांबलेलं बघितलं. तिला जराही नवल वाटलं नाही.

"मग? जाऊ द्यायला नको का आधी?"

"कुणाला, आंटी?"

"काय कुणाला?"

"कुणाला जाऊ द्यायचं?"

तिच्या कपाळावर आठी आली. ती काहीतरी शोधत होती. क्षणभर तिच्या डोळ्यांत भीती दिसली, मी तिथे नसते तर ती किंचाळली असती अशी. मग ती विझली.

"तू नीट जेवत नाहीस, तालिता. तोंड बघ कसं उतरलंय," ती म्हणाली आणि मांसाचा डबा फोडायला उठली.

४

चर्चच्या हॉलमधली सभा म्हणजे निम्मी सभा आणि निम्मं जेवण. टेबलांवर टारोचे कंद, नारळाच्या दुधातली पानं, कोंबडी, शेवयांच्या मोठमोठ्या पराती. टॅनरी रोडवरचे लोक एका बाजूला, कराका स्ट्रीटवरचे दुसऱ्या. डंकनने पडद्यावर दोन्ही रेषा दाखवल्या. मी सामोअन भाषेत समजावून सांगितलं.

आंटी उठली तेव्हा हॉल शांत झाला.

"माझे गुडघे कुरकुरतात ते तुम्हाला मागच्या बाकापर्यंत ऐकू येत असतील," ती म्हणाली. हशा झाला. "रेल्वे आली की मी परसातून थेट डब्यात चढणार, आणि ह्या पोरीच्या नावाने रोज एक प्रार्थना म्हणणार. पण लाल रेषा नको. ह्या हॉलचं छप्पर माझ्या नवऱ्याने स्वतः वर चढून ठोकलंय. त्यानंतर वर्षभरात तो गेला. ह्या छपराला हात लावायचा नाही. निळी रेषा घ्या. गवत तेवढं उपटावं लागेल, गवत काही..."

ती थांबली.

तिच्यासोबत कराका स्ट्रीटचे सगळे थांबले. उचललेले घास, उघडी तोंडं, मांडीवरच्या बाळाला थोपटणारा हात. टॅनरी रोडचे लोक चुळबुळले, एकमेकांकडे बघायला लागले. इकडच्या माना मात्र एकदम भिंतीकडे वळल्या. भिंतीमागे घरं, घरांमागे आंटीची गल्ली, गल्लीमागे पट्टा. आणि त्या माना, भिंतीत काही दिसत असल्यासारख्या, उजवीकडून डावीकडे फिरायला लागल्या. एका वेगाने. म्हाताऱ्यांच्या, पोरांच्या, केल्विनची तांबडी मान.

हे नेहमीपेक्षा लांबलं. मी खुर्चीची कड घट्ट धरली होती. आणि मग आंटीने हात वर केला. शेजारच्या बाईनेही. मग एकेक करत सगळ्यांनी. आपलं माणूस दूरच्या प्रवासाला निघालं की आपण हलवतो, तसे ते हात हळूहळू हलत होते.

"...रडत नाही," आंटी म्हणाली. टाळ्या पडल्या.

हात वर करून मत घेतलं तेव्हा जवळजवळ सगळा हॉल निळ्या रेषेच्या बाजूने होता.

"काय सुंदर क्षण होता तो," गाडीपाशी डंकन मला म्हणाला. "मध्येच सगळ्यांची ती मूक प्रार्थना. मीसुद्धा मान खाली घातली होती. ती तुमची... काय म्हणतात, सा?"

"नाही," मी म्हणाले. "ती सा नव्हती."

"मग काय होतं?"

मी गाडीचं दार उघडलं.

५

पुढच्या आठवड्यात मोजणीवाल्यांनी पट्ट्याच्या मधोमध खुंट्या ठोकल्या. प्रत्येक खुंटीच्या डोक्याला नारिंगी फीत. ते जेवायला गेले आणि मी पट्ट्याच्या कडेला एकटी उरले. ऊन स्वच्छ होतं. माझ्यासमोर पट्ट्यापलीकडे कराका स्ट्रीटच्या घरांच्या पाठी होत्या. प्रत्येक घराला परसात उघडणारं सरकतं काचेचं मोठं दार. ओळीने चमकणाऱ्या काचा, आणि त्यांत माझं, गवताचं, खुंट्यांचं प्रतिबिंब.

खरं सांगायचं तर मी त्याची वाट बघत होते. जे काही आहे ते एकदा नीट बघायचं आणि त्याला नाव द्यायचं. मी शिकलेली मुलगी होते.

साळुंक्या थांबल्या.

परसापरसातून माणसं दिसत होती. कुणी झारी धरून, कुणी मूल कडेवर घेऊन. आंटी कुंपणापाशी होती, कमरेला जुना फुलाफुलांचा लावालावा गुंडाळलेली, दातांत कपड्यांचा चिमटा धरलेली. सगळे आपापल्या उजवीकडे बघत होते. वारा नव्हता. तरी अगदी टोकाच्या खुंटीवरची फीत ताठ आडवी झाली. मग तिच्या अलीकडची. मग तिच्या अलीकडची.

पट्ट्यावर काही नव्हतं. गवत, ऊन, खुंट्या. मी डोळे फाडून बघत होते आणि तिथे काहीही नव्हतं.

पण टोकाच्या घराची काच काळी झाली. मग त्याच्या शेजारची. पट्ट्यातून काहीतरी प्रचंड मोठं जात असल्यासारख्या काचा एकेक करून आतून विझत माझ्याकडे येत होत्या. केल्विनची काच. मग समोरची, आंटीची.

त्या काळोखात पिवळ्या उजेडाचे चौकोन सरकत होते. खिडक्या. त्यांत माणसं बसलेली होती, अंगाला अंग लावून. पांढरे कपडे, बायकांच्या डोक्यांवर रविवारच्या पांढऱ्या टोप्या. मांडीवर गुंडाळलेल्या चटया, पातेली, भिंतीवरून काढलेल्या तसबिरी. कुणी बोलत नव्हतं. आपण कुठे चाललोय हे विचारायचं सोडून दिलेल्या माणसांसारखी ती बसली होती.

एका चौकोनात आंटी होती. थकलेली, आत्तापेक्षा म्हातारी, टोपी थोडी वाकडी. काचेला कपाळ टेकून ती आपल्याच परसाकडे बघत होती.

आणि कुंपणापाशी उभ्या असलेल्या आंटीने, दातांत चिमटा धरूनच, हात वर केला.

फिती खाली पडल्या. काचांत पुन्हा ऊन आलं.

"तालिता!" आंटी ओरडली. "उन्हात काय खांबासारखी उभी आहेस? टोपी घाल!"

६

त्या रात्री मी झोपले नाही आणि सकाळी माझं मत बदललेलं होतं.

मी काय पाहिलं ते कुणालाच सांगितलं नाही. सांगण्यासारखी दुसरी कारणं होती, आणि ती खोटी नव्हती. निर्मनुष्य पट्ट्यात स्थानक बांधून काय उपयोग? दुकानं टॅनरी रोडवर, शाळा तिथे, दवाखाना तिथे. रेल्वे माणसांच्या मध्ये हवी, पाठीमागे नको. हे मी मनापासून बोलले, बोलताना माझा आवाज चढला, आणि डंकन खुर्चीत मागे टेकून माझ्याकडे बघत राहिला.

"पण तुझ्याच लोकांनी निळी मागितली, तालिता."

"कारण त्यांना फक्त काय जाणार ते दाखवलं. काय मिळणार ते दाखवलंच नाही."

"आणि तो हॉल?"

"नवा बांधून देऊ."

त्याने पेन खाली ठेवलं. "हे बघ, या भागात रेल्वे आणायची संधी पिढीतून एकदा येते. आपण गोंधळलेले दिसलो तर दोन्ही रेषा जातील. तुला खात्री आहे?"

"आहे."

"तुझी माणसं, तुझा शब्द," तो म्हणाला. महिन्याच्या आत मंत्र्यांनी लाल रेषेवर शिक्कामोर्तब केलं.

आंटीला मी स्वतः सांगितलं. ती ओट्यापाशी उभी होती. तिने पाणी बंद केलं, हात पुसले, आणि माझ्याकडे न वळता म्हणाली, "त्या छपराला नवऱ्याच्या हातचे खिळे आहेत."

"मला माहीत आहे, आंटी."

"झुरिकला जाऊन हे शिकलीस? आपल्या घरावरून नांगर कसा फिरवायचा ते?"

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. रविवारी चर्चनंतरच्या जेवणात माझ्या शेजारच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. ओट्यावर माझं ताट झाकून ठेवलेलं असायचं, पण ते कुणी ठेवलं हे मला सांगितलं जायचं नाही.

तरीही मी सुखी होते. कारण आंटी आता थांबत नव्हती. फोनवर ती बहिणींशी माझ्याविरुद्ध तासन्‌तास बोलायची आणि मी बाजूच्या खोलीत भिंतीला कान लावून ते ऐकायचे. एकही वाक्य मध्ये तुटत नव्हतं. केल्विन बघत-बिघत न बसता तरातरा पट्टा ओलांडायचा. मोजणीवाल्यांनी खुंट्या उपटून नेल्या होत्या, आणि पायवाटेच्या टोकांना मातीच्या गोलांत हिरवी लव दिसायला लागली होती. मी खाली बसून तिच्यावरून हात फिरवला. वाचवलं, असं मला वाटलं. एक छप्पर देऊन मी ही सगळी गल्ली वाचवली.

७

एका शनिवारी सकाळी आंटी माझ्या दारात येऊन उभी राहिली. हातात पिशवी, पायांत चपला.

"पानीपोपोचे पाव संपलेत," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "उचलायला कुणीतरी लागेल. माझे गुडघे काही रेल्वेने येत नाहीत."

मी धावत निघाले. टॅनरी रोडपर्यंत ती माझा दंड धरून चालली. आधी नुसती चालली, मग हळूहळू बोलायला लागली. हवा, मासे, चुलत भावाचं लग्न. मला तिच्या गळ्यात पडावंसं वाटत होतं.

"अजून रागावले आहे हं मी," ती मध्येच म्हणाली.

"हो, आंटी."

"मरेपर्यंत रागावणार आहे. पण त्यासाठी उपाशी का राहायचं?"

सेमिसीची बेकरी हॉलच्या समोरच्या बाजूला, थोडी पुढे आहे. सेमिसी टोंगा बेटांवरचा, अंगाने आडवा, आणि आमच्या लोकांना डिवचल्याशिवाय त्याला पाव भाजता येत नाही. दुकानात गर्दी होती. गरम नारळाच्या दुधाचा वास दरवळत होता.

"या, या! रेल्वेवाल्या बाई आल्या!" तो चिमट्याने पाव उचलत ओरडला. "माझं दुकान वाचलं ते केवळ रस्त्याच्या ह्या बाजूला आहे म्हणून. पलीकडे असतं तर सामोअन लोकांनी एका टोंगावाल्याला उठवल्याचा आनंद..."

तो थांबला.

चिमटा हवेत, चिमट्यात पाव. पाकाचा एक थेंब त्यावरून लोंबकळत होता. त्याने दुसऱ्या हाताने परात ओट्याच्या कडेपासून आत ओढली.

रांगेतली माणसं थांबली होती. मोजायला काढलेली नाणी तळहातावर तशीच. भट्टीचा घरघराट गेला. पंखा फिरत होता, त्याला आवाज नव्हता. तळव्यांना ती बारीक थरथर कळली, आणि या वेळी ती भिंतीपलीकडून, परसांमागून येत नव्हती. ती दाराबाहेरच्या रस्त्यातून येत होती.

सगळ्यांच्या माना उजवीकडे वळल्या.

मी काचेतून बाहेर बघितलं. टॅनरी रोड उन्हात रिकामा पडला होता. पलीकडच्या बाजूला दुकानांची ओळ: औषधवाला, न्हावी, मोबाइलवाला. दूर टोकाच्या दुकानाची काच काळी झाली.

पट्ट्यात काहीच नव्हतं. तिथे कधीच काही नव्हतं. मी रेषा उचलून इथे आणली होती, आणि रेषेबरोबर तेही आलं होतं.

"...आणि मुलीची आई म्हणते, डुकरं पन्नास हवीत!" आंटी सांगत होती. संबंध दुकानात ती एकटी बोलत होती, तिचा एकटीचाच आवाज मला येत होता. तिला काही जाणवत नव्हतं. ती आता निळ्या रेषेवरची नव्हती. ओट्यावरची भरलेली पिशवी तिने स्वतःच उचलली. "पन्नास! म्हटलं, बाई गं, लग्न आहे की बाजार? चल तालिता, गार होतील."

आणि तिने दार ढकललं.

न्हाव्याची काच विझली. माणसं ओलांडून, परात पाडून मी धावले, आणि तिचा एक पाय पायरीवर, दुसरा रस्त्यावर पडायच्या बेतात असताना मी मागून दोन्ही हातांनी तिचा झगा पकडला.

"सोड गं! काय झालंय तुला?" ती पुढे झुकून म्हणाली. "बघ की, रस्ता सगळा मोकळा आहे."

समोरची काच काळी झाली. तिच्यातले पिवळे चौकोन हळू होत गेले, आणि आमच्यासमोर येऊन थांबले. त्या चौकोनांमधलं एक दार उघडत होतं. मी डोळे मिटले आणि आंटीला धरून राहिले.